दसरा ते कार्तिकी : सोलापूरच्या इतिहासातला एक महिना

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लढाया, तह, किल्ले आणि राजेरजवाडे उभे राहतात. त्यात गैर काही नाही. पण सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला त्याच्या आयुष्याचा इतिहास विचारून पाहा. तो सनावळी सांगणार नाही. "त्या साली हस्त कोरडा गेला," "त्या साली ऐन दिवाळीत ओढे वाहिले," "त्या साली कार्तिकी आली तरी थंडीचा पत्ता नव्हता," अशा खुणा तो सांगेल. मुलीचे लग्न, बैलजोडीची विक्री, विहिरीवरचे कर्ज या साऱ्या गोष्टी त्याने अशाच खुणांना बांधून ठेवलेल्या असतात. आणि नीट पाहिले तर त्या खुणा बहुधा एकाच महिन्यातल्या असतात. तो महिना म्हणजे दसरा ते कार्तिकी एकादशी.

हा महिना एरवी कसा असतो ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. सोने लुटून झाले की पाऊस निरोप घेऊ लागतो. आठ-पंधरा दिवस ऑक्टोबरचे कडक ऊन पडते. कोजागरी झाली की देवळात पहाटेचा काकडा सुरू होतो, आणि काकड्याला जाणारी म्हातारी माणसे हळूहळू कान बांधू लागतात. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला पाण्याची वाफ दिसते. कार्तिकीला चंद्रभागेच्या वाळवंटात वारकरी घोंगडी पांघरून बसतात. ऊन, ओल आणि थंडी यांचा हा क्रम ठरलेला. आणि त्या क्रमावर शेतातली ज्वारी उभी असते.

हा क्रम मोडला की काय होते, हेच आज आपल्याला पाहावयाचे आहे. कधी पाऊस येत नाही. कधी तो जात नाही. कधी थंडीच्या जागी ढग येऊन बसतात. माझे म्हणणे एवढेच की, सोलापूरचे साल चांगले की वाईट हे मृगात ठरत नाही, ते या एका महिन्यात ठरते. आणि म्हणून या महिन्याची नोंद आपण आपल्या हाताने ठेवली पाहिजे.

तुम्ही म्हणाल, पावसाळा तर जूनपासून असतो, मग ऑक्टोबरचे एवढे कौतुक कशाला? त्याचे उत्तर नकाशात आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला थटतात आणि आपला बराचसा भार कोकणात व घाटमाथ्यावर टाकून मोकळे होतात. सोलापूर त्या डोंगराच्या पाठीमागे, पर्जन्यछायेत पडते. जून-जुलैत भीमेला पूर येतो तो मावळातल्या पावसाने. आपल्या माळावर त्या वेळी धूळ उडत असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे फार ठळकपणे दिसले. पुण्याकडच्या पावसाने उजनी धरण भरून वाहिले, पंढरपुरात नदीने पात्र सोडले. आणि त्याच जिल्ह्यात सांगोला-मंगळवेढ्याच्या बाजूला जनावरे अजून चारा छावणीत बांधलेली होती!

आपला हक्काचा पाऊस तो सप्टेंबरचा. वर्षातला सर्वांत जास्त पाऊस सोलापुरास याच महिन्यात पडतो. तो पुष्कळदा उलट्या दिशेने येतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, ते आंध्र-तेलंगणावरून पश्चिमेकडे सरकते आणि जाता जाता आपल्या काळ्या रानांना भिजवून जाते. उत्तरेकडचा हंगाम आटोपला तरी ऑक्टोबरात आपल्याकडे हे येणेजाणे चालू असते.

आता काळ्या रानाची गोष्ट. हलक्या जमिनीत आपण बाजरी, मटकी, तूर पेरून मोकळे होतो. भारी जमीन मात्र पावसाळाभर कुळवून तयार ठेवतो. ही जमीन पाणी पोटात धरून ठेवते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिच्यात ज्वारी पडते, आणि त्यानंतर काढणीपर्यंत एक थेंब पाऊस पडला नाही तरी ते पीक साठवलेल्या ओलीवर वाढू शकते. मुळे ओलीच्या मागे खाली खाली जातात. वरची जमीन भेगाळते. म्हणून शेतकरी कोळपणी करून भेगा बुजवतो आणि ओल कोंडून ठेवतो. मंगळवेढ्याच्या ज्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती याच पद्धतीची.

पण याला तीन अटी आहेत. पेरणीपूर्वी भरपूर ओल हवी. पेरणीच्या वेळी वाफसा हवा, म्हणजे पाभर चालेल इतकी जमीन सुकलेली हवी. आणि उगवणीनंतर स्वच्छ ऊन व थंडी हवी. यातली एक अट मोडली तर पीक लंगडते. दोन मोडल्या तर हातचे जाते. आपल्या पूर्वजांनी या महिन्याची चार नक्षत्रे वाटून दिली आहेत. हस्त साधारण २७ सप्टेंबरपासून, मग चित्रा, २४ ऑक्टोबरच्या सुमारास स्वाती, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात विशाखा. "पडतील स्वाती तर पिकतील मोती" ही म्हण तर शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. या म्हणीकडे आपण पुन्हा येणार आहोत.

प्रथम हा महिना कोरडा गेला तेव्हाची हकीकत पाहू. दुष्काळाची आठवण या भूमीत फार जुनी आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशाही कोठार रयतेला खुले केले आणि पांडुरंगाने साध्या हरकाम्याचे रूप घेऊन बेदरच्या दरबारी मोहरा भरल्या, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. कथेतला चमत्कार क्षणभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. धान्याने भरलेले कोठार आणि उपाशी माणसे या दोन गोष्टी एकाच गावात एकाच वेळी असू शकतात, हे लोकांनी पाहिले होते. आणि ते त्यांच्या मनाला लागले होते.

याचाच पडताळा १८७६ साली आला. त्या वर्षी पाऊस आधीच तुटपुंजा झाला होता. तरी लोक धीर धरून होते, कारण भिस्त होती ती परतीच्या पावसावर. सप्टेंबर व ऑक्टोबर जवळजवळ कोरडे गेले. भारी रानात पाभर घालायला ओलच नव्हती. खरीप गेले होते, आता रब्बीही गेली. आणि मौज अशी की, रेल्वे सोलापुरास १८६० सालीच आलेली होती. एकरुखचा तलाव, ज्याला आपण हिप्परग्याचा तलाव म्हणतो, तो १८७१ साली पुरा झालेला होता. धान्य आगगाडीने येऊ शकत होते, येतही होते. पण ज्याच्या शेतात काम नाही, त्याच्या गाठीला ते विकत घ्यायला पैसा कुठून असणार? कोठार भरलेले, माणूस उपाशी. दामाजीपंतांच्या कथेतलाच प्रकार.

सरकारने दुष्काळी कामे काढली. मोहोळजवळच्या आष्टीचा तलाव हे त्याच काळातले काम. ते १८८१ मध्ये पुरे झाले. पण कामावरची मजुरी १८७७ च्या आरंभी इतकी कमी करण्यात आली की, मुंबई इलाख्याच्या दख्खन भागातल्या हजारो मजुरांनी कामावर जाण्याचे नाकारले. उपाशी माणसांनी एकजुटीने दिलेला हा नकार आपल्या इतिहासातली मोठी घटना आहे. पाठ्यपुस्तकात मात्र तिला फारशी जागा मिळत नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, विशेषतः गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका यांनी, ठिकठिकाणची माहिती गोळा करून ती सरकारपुढे मांडली. सोलापूरकडची हकीकत त्यात होती. कोणत्या गावी किती पाऊस, किती पेरणी, किती माणसे गाव सोडून गेली, असे ते लिहीत असत. गावची नोंद गावाच्या बाजूने कशी उभी राहते, याचे हे पहिले मोठे उदाहरण होय. याच दुष्काळात जोतीराव फुल्यांनी धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालविले. आणि दुष्काळाने होरपळलेले लोक पाहून पेटलेल्या वासुदेव बळवंतांचे बंड १८७९ मध्ये झाले.

परिणाम काय झाला तो शिरगणतीत पाहा. १८७२ साली सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख १९ हजार होती. १८८१ साली ती सुमारे ५ लाख ८२ हजार भरली. म्हणजे दर पाच माणसांमागे जवळजवळ एक माणूस नाहीसा झाला. काही मेले, काही परागंदा झाले. युद्ध नाही, स्वारी नाही. दोन पावसाळी महिने कोरडे गेले आणि त्यावर माणसांच्या हिशेबाचा कोरडेपणा मिळाला, एवढ्याने हे घडले.

आज आपल्याला ठाऊक आहे की, १८७६-७७ चे संकट एकट्या दख्खनचे नव्हते. पॅसिफिक महासागराचे पाणी त्या काळात विलक्षण तापले होते. याला आज 'एल निनो' म्हणतात. त्याच सुमारास उत्तर चीनमध्ये आणि ब्राझीलच्या ईशान्य भागातही भयंकर दुष्काळ पडला. भारताचे हवामान खाते १८७५ साली, म्हणजे दुष्काळाच्या आदल्या वर्षीच स्थापन झाले होते. पण पावसाचा अंदाज नेमाने देण्याची प्रथा पडायला १८८६ साल उजाडावे लागले. दुष्काळ आयोगाचा अहवाल १८८० मध्ये आला आणि त्यातून पुढे दुष्काळ संहिता तयार झाली. या संकटातून सरकार काही शिकले, असे म्हणावे लागेल. पण त्याची किंमत आपल्या पणजोबांच्या पिढीने भरली.

शेतकऱ्यानेही पुढे धडा घेतला. सोलापुरास १९३३ साली कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र निघाले. जमिनीला बांध घाला, खोल मशागत करा, बियाणे कमी वापरा, दोन ओळींत अंतर जास्त ठेवा, वरचेवर कोळपा, ही त्याची शिकवण. मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडून काढलेले 'मालदांडी ३५-१' हे वाण तर आजही आपल्या रानात आहे. मुंबई इलाख्याचे एके काळचे शेतकी संचालक हॅरॉल्ड मान यांनी १८६५ ते १९३८ या काळातल्या दख्खनच्या पावसाचा आणि दुष्काळाचा अभ्यास केला. तो १९५५ साली पुस्तकरूपाने निघाला. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजना आली, १९७७ साली तिचा कायदा झाला. १९८० च्या सुमारास उजनी धरण उभे राहिले. थोडक्यात, पाऊस न येण्याशी कसे झुंजावे हे आपण शंभर वर्षांत पुष्कळसे शिकलो.

पण पाऊस न जाण्याशी? थंडी न येण्याशी? तो धडा आपल्या पाटीवर लिहिलेलाच नव्हता. तो २०१९ साली समोर आला.

त्या वर्षीचा महिना अगदी मोजून घ्या. दसरा ८ ऑक्टोबरला होता, कार्तिकी एकादशी ८ नोव्हेंबरला. जुन्या नेमाप्रमाणे मोसमी पाऊस वायव्य भारतातून सप्टेंबरच्या आरंभी मागे फिरायचा. त्या वर्षी तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ९ ऑक्टोबरला फिरला. हवामान खात्याच्या नोंदीत इतका उशीर पूर्वी कधीच झालेला नव्हता. त्याआधीचा विक्रम १९६१ सालचा, १ ऑक्टोबरचा. मग आठवड्याभरात पाऊस साऱ्या देशातून गेल्याचे जाहीर झाले. लोकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि पाभरी बाहेर काढल्या.

पण आभाळाला ते जाहीर झालेले कळले नसावे! अरबी समुद्रात 'क्यार' नावाचे वादळ तयार झाले आणि २७ ऑक्टोबरला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ते महाचक्रीवादळ झाले. २००७ नंतर त्या समुद्रात एवढे मोठे वादळ झाले नव्हते. ते ओमानच्या दिशेने निघून जाते न जाते तोच ३० ऑक्टोबरला 'महा' नावाचे दुसरे वादळ उठले. दोन्ही वादळे काही दिवस एकाच समुद्रात होती. त्यांतले एकही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळले नाही. पण त्यांनी ओढून आणलेली ओलसर हवा राज्यभर पसरली, आणि दिवाळीच्या पणत्या पावसात विझल्या.

आठवून पाहा ते दिवस. सकाळी लख्ख ऊन, दुपारी उकाडा, संध्याकाळी ढग, रात्री सर. एक दिवस उघडीप, दुसऱ्या दिवशी झिमझिम. थंडीचे नाव नाही. काकड्याला जाणाऱ्यांनी कानटोपीच्या जागी छत्री घेतली. शहरातल्या माणसाला हे मोठे सुखद वाटले. 'यंदा हवा छान आहे' असे म्हणणारे मला पुष्कळ भेटले. पण रानात वेगळेच चालले होते. बार्शीकडे सोयाबीनच्या गंजी आतून तापून काळ्या पडत होत्या. बाजरीच्या आणि मक्याच्या कणसांना मोड येत होते. कडबा कुजत होता. ऑक्टोबर छाटणी झालेल्या द्राक्षबागा नेमक्या फुलोऱ्यात, आणि ढगाळ दमट हवा म्हणजे केवड्याला आमंत्रण. डाळिंबाला तेल्या. ज्वारीची पेरणी तर वाफसाच येईना म्हणून रखडली. ज्यांनी आधी पेरले होते त्यांच्यापैकी कित्येकांचे बी जमिनीतच कुजले आणि दुबार पेरणी करावी लागली.

मी शिक्षक आहे, म्हणून मला ही गोष्ट माझ्या वर्गात दिसली. दसऱ्यानंतर खेड्यांतून येणारी मुले पेरणीसाठी चार-आठ दिवस गैरहजर असतात. मागची बाके रिकामी दिसतात. हे दर सालचे आहे आणि आम्ही त्याकडे काणाडोळा करतो. त्या साली दिवाळीची सुट्टी संपली, तरी ती बाके रिकामीच! एक मुलगा उशिरा आला तेव्हा मी विचारले, "काय रे, पेरणी झाली का?" तो म्हणाला, "सर, आजोबा म्हणत्यात, स्वाती पडली की मोती पिकत्यात. पडली की! रोज पडली. आता मोती कुठं शोधायचं?"

वाचकहो, त्या मुलाचा प्रश्न साधा नाही. म्हण खोटी नव्हती. पेरलेली ज्वारी वीतभर झाली असताना स्वातीची एखादी सर आली तर खरोखरच मोती पिकतात. म्हणीने गृहीत धरले होते की, हस्त-चित्रात पेरणी आटोपलेली असेल, आणि स्वाती पाहुणीसारखी येऊन जाईल. ती मुक्कामाला आली तर काय, याचा विचार म्हणीत नाही. कारण म्हण घडविणाऱ्या पिढ्यांवर तसा प्रसंग क्वचितच आला असावा. अनुभव हा शहाणपणाचा पाया खरा; पण अनुभव ज्या ऋतुक्रमातून आला तो क्रमच हलला की शहाणपणाला पुन्हा अनुभव गोळा करावा लागतो.

असे का झाले, याचे कारणही समुद्रात होते. हिंदी महासागराचा पश्चिमेकडचा, आफ्रिकेच्या बाजूचा भाग त्या वर्षी नेहमीपेक्षा तापलेला होता आणि पूर्वेकडचा, इंडोनेशियाच्या बाजूचा भाग थंड होता. शास्त्रज्ञ याला हिंदी महासागराचा द्विध्रुव म्हणतात. तराजूचे एक पारडे खाली, एक वर, अशी कल्पना करा. २०१९ च्या शरद ऋतूत हे पारडे नोंदी ठेवल्या जाऊ लागल्यापासूनच्या सर्वांत मोठ्या झुकावांपैकी एका झुकावाने कलले होते. त्यामुळे पूर्व आफ्रिकेत पूर आले, ऑस्ट्रेलियात रानेच्या राने जळाली, आणि मध्ये आपली दिवाळी भिजली. १८७६ साली पॅसिफिकने आपला पाऊस अडविला. २०१९ साली हिंदी महासागराने तो रेंगाळत ठेवला. बार्शीच्या गंजीचा आणि ऑस्ट्रेलियाच्या वणव्याचा असा संबंध असतो.

नोव्हेंबरच्या आरंभी सरकारी प्राथमिक आकडा आला. राज्यातल्या ३२५ तालुक्यांतली ५४ लाख हेक्टरांवरची पिके बाधित. पुढे तो आकडा बराच वाढला. १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी मदत जाहीर केली. खरिपाला हेक्टरी ८,००० रुपये, फळबागेला १८,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. त्या वेळच्या पीकविम्याच्या नियमात काढून ठेवलेल्या पिकाचे नुकसान बहात्तर तासांत कळवायचे होते. आता पाहा, पाऊस पंधरा दिवस थांबून थांबून पडतो आहे. मग नुकसान नेमके कोणत्या दिवशी झाले? ज्याच्याकडे तारीखवार काही लिहिलेले होते त्याला बोलता आले. बाकीच्यांनी 'दिवाळीत पडला' एवढेच सांगितले.

आणि हे साल एकटे नव्हते. आदल्या वर्षी, २०१८ ला, हाच महिना कोरडा गेला होता; ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला आणि त्यात आपल्या जिल्ह्यातले तालुके होते. पुढच्या वर्षी, २०२० ला, बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे क्षेत्र १३ ऑक्टोबरला काकिनाड्याजवळ किनाऱ्यावर आले आणि तेलंगण ओलांडून थेट आपल्या डोक्यावर आले. १४ ऑक्टोबरच्या पावसाने भीमा, सीना, बोरी साऱ्यांनी पात्र सोडले. अक्कलकोट तालुक्यात उभी पिके वाहून गेली, आणि पंढरपुरात कुंभार घाटावरची भिंत कोसळून सहा जण प्राणास मुकले. एक साल पाऊस आलाच नाही, एक साल गेलाच नाही, एक साल सारा एका दिवसात आला. वर्षाची बेरीज मांडली तर यातले कोणते साल कसे गेले हे कळणार नाही. त्या महिन्याचे रोजचे पान उलगडले तरच कळेल. १८७६ आणि २०१९ एकमेकांसमोर ठेवले की हेच दिसते. आपण दुष्काळ वर्षांनी मोजतो. तो घडतो मात्र दिवसांनी.

यावर उपाय काय, असे तुम्ही विचाराल. वादळ अडविणे आपल्या हाती नाही. पण माहिती ठेवणे आपल्या हाती आहे. माझी विनंती विशेषकरून गावोगावच्या गुरुजींना आणि बाईंना आहे. शाळेत एक साधे पर्जन्यमापक बसवा. ते नसेल तर सरळ उभ्या बाजूंचे, सपाट बुडाचे डबडे उघड्यावर ठेवा आणि पट्टीने आतले पाणी मोजा. तेवढ्यानेही काम भागते. एक वही करा. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत रोज सकाळी एका मुलाने पाच गोष्टी लिहाव्यात. तारीख आणि नक्षत्र, पाऊस किती, आभाळ कसे, पहाटे थंडी होती की नव्हती, आणि रानात आज काय चालले आहे. पेरणी, वाफसा, कोळपणी, मावा-चिकटा, जे असेल ते. पाच मिनिटांचे काम आहे. त्यातून मुलांना भूगोल येईल, गणित येईल, आणि गावाला आपला इतिहास मिळेल.

दुसरे असे करा. ज्या घरांत वृद्ध माणसे आहेत तेथे मुलांना पाठवा. १९७२ साली दसऱ्याला रान कसे होते, खडी फोडायला कोण कोण गेले, सुकडी कशी लागायची, हे विचारून लिहून घ्या. ती माणसे गेली की ती पाने कायमची कोरी राहतील.

हे सांगण्याचे कारण असे की, सार्वजनिक सभेने १८७६-७७ साली गावोगावची माहिती मागवली तेव्हा ती देणारी, लिहिता येणारी माणसे फार थोडी होती. पुष्कळ गावांची हकीकत कोणी लिहिलीच नाही. ती गावे शिरगणतीच्या आकड्यात विरून गेली. आज प्रत्येक गावात शाळा आहे, लिहिणारे हात आहेत. उद्या एखादा चंचल, उबदार, ढगाळ कार्तिक पुन्हा येईल, येणारच. सप्टेंबर २०२५ च्या सीनेच्या पुराने आपल्याला ती आठवण करून दिलीच आहे. त्या वेळी पंचनाम्याला आलेल्या माणसाने विचारले, "पाऊस कधी पडला?" तर शाळेच्या कपाटातली वही काढून त्याच्यापुढे ठेवता आली पाहिजे.

आणि वर्गातल्या त्या मुलाने मला विचारलेला प्रश्न? त्याचे उत्तर मी त्या दिवशी देऊ शकलो नाही. त्याच्या आजोबांची म्हण शेकडो कार्तिक पाहून तयार झाली होती. पुढची म्हण तयार व्हायची तर आपल्यालाही कार्तिक पाहावे लागतील, आणि या खेपेला ते लिहून ठेवावे लागतील. येत्या दसऱ्याला सोने वाटून झाले की वहीचे पहिले पान उघडा.